हिरव्या ठिपक्याचा खटका

“तू शिडी नीट उघडलीच नव्हतीस,” मुकादम म्हणाला.

“उघडली होती.”

“मग पडलीस कशी?”

“ते शिडीला विचारा, मुकादम,” आई म्हणाली.

आई तेव्हा झाडाखाली आडवी होती. गळ्यातली पिशवी उलटी होऊन संत्री चारी दिशांना पळाली होती, एक तिच्या मानेखाली अडकून बसलं होतं, आणि उजव्या पायाची टाच भलत्याच बाजूला वळली होती. तरी भांडत होती. मी पलीकडच्या ओळीत पेट्या उचलत होतो. धाडकन आवाज ऐकून धावत आलो तर हे चाललेलं.

“दोनदा खट् ऐकलं मी,” आई म्हणाली. “डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. वीस वर्षांत तेवढं ऐकल्याशिवाय मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही.”

“वय होतं, बाई. आधी कानच जातात.”

मी हातातली पेटी टाकली आणि मुकादमाच्या अंगावर गेलो. बाबांनी मागून माझी कॉलर धरली. आमच्या घरात बाबांचं मुख्य काम तेच, माझी कॉलर धरणं. उरलेल्या वेळात ते बागेतला ट्रॅक्टर चालवतात.

“आधी तिला उचल,” बाबा म्हणाले. “मारामारी नंतर कर.”

ट्रॉलीत रिकामी पोती अंथरून तिला दवाखान्यात नेलं. चाक खड्ड्यात गेलं की आई ओठ चावायची आणि म्हणायची, “वाजलं होतं खट्.” टाचेचं हाड तीन जागी मोडलं होतं. डॉक्टरांनी दोन स्क्रू घातले. मामा बघायला आला तेव्हा क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरून बराच वेळ निरखत राहिला. तो वेल्डर आहे. शेवटी म्हणाला, “ताई, काम चांगलं केलंय. आटे बरोबर बसलेत.” आई प्लास्टरमधल्या पायासकट हसली आणि मग दुखलं म्हणून त्याला शिव्या घातल्या.

बागेत तोडणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. वरचे आणि खालचे. खालचे उभ्याउभ्या हाताला येईल ते तोडतात. वरचे शिडीवर. शेंड्याकडची फळं उन्हात पिकतात, मोठी आणि एकसारखी असतात, ती न खरचटता उतरवायची म्हणजे हात हलका लागतो. एक हात फांदीला, दुसऱ्यात कात्री, देठ फळाला टेकून कापायचा. लांब देठ राहिला तर पेटीत शेजारच्या फळाला टोचतो आणि दोन दिवसांत अख्खी पेटी सडते. आई वरच्यांतली पहिली होती. तिला सगळे खार म्हणायचे. नव्या बायकांना तिचं खरं नाव माहीतच नव्हतं.

वरच्याची शिडी ज्याची त्याची. बागेची नसते. आणि एकसारख्या दिसतात म्हणून प्रत्येकजण आपल्या शिडीच्या खटक्यावर रंगाचा ठिपका देतो. खटका म्हणजे शिडीचे दोन पाय फाकले की मधली पट्टी जिथे अडकते ना, ती कडी. ती बसली की खट् वाजतं. आईचा ठिपका हिरवा. ही शिडी तिनं तोडणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती, ॲल्युमिनियमची, बोटानं उचलावी अशी हलकी. घरी आणल्याआणल्या अंगणात आडवी टाकून तिनं दोन्ही खटक्यांवर हिरवा रंग लावला. उधळ्या हाताचा मी नाही, ती आहे. चांगला चमचाभर रंग ओतला होता. मी म्हटलं, “ठिपका देतेस की भिंत रंगवतेस?”

पडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मामा आमच्या अंगणात आला, मोडकी शिडी खांद्यावर घेतली आणि गेला. संध्याकाळी परत आणली तेव्हा उजवीकडचा फुटका खटका गायब होता आणि त्या जागी मामानं स्वतः घडवलेला लोखंडी खटका बसला होता. असा खटका की त्याच्यावर बैल उभा केला तरी चालेल.

“हा घे,” मामा म्हणाला. “आता हा शंभर वर्षं हलत नाही.”

आमच्या घरात मोडकी वस्तू मोडकी राहत नाही. मामा राहू देत नाही. आमच्या खुर्चीला सायकलचा पाय आहे, दाराला ट्रकची बिजागरी. मामाला रडायला येतं तेव्हा तो काहीतरी जोडतो. त्या दिवशी त्याला फार रडायला आलं असणार, कारण त्यानं खटक्याला पॉलिशसुद्धा मारलं होतं.

तीन महिन्यांनी प्लास्टर निघालं. आई काठी घेऊन बागेत गेली तर मुकादमानं तिला शेडमध्ये निवडीच्या टेबलाशी बसवलं. समोरून पट्ट्यावर संत्री येतात, डागाळलेली बाजूला काढायची. तिथे म्हाताऱ्या बसतात.

“पाय बरा झाला की वर घ्या,” आई म्हणाली.

“पायाचं नाही गं. भरवशाचं बोलतोय मी,” मुकादम म्हणाला. “उद्या परत शिडी अर्धवट उघडलीस तर? मालकाला काय सांगू?”

आई टेबलाशी जाऊन बसली. घरी आल्यावर तिनं पाय गरम पाण्यात बुडवला आणि पाणी गार होईपर्यंत बघत बसली. पायाचं दुखणं ती सोसत होती. पण आपण शिडी न उघडता चढलो असं बाकीच्यांना वाटतं, हे तिला सोसत नव्हतं. शेडमधून येता-जाता कोणीतरी विचारायचंच, “खट् वाजलं होतं का गं नक्की?” आणि हसायचे.

बागेत पेट्या उचलायच्या नसल्या की मी मामाच्या दुकानात काम करतो. शाळा मी नववीत सोडली. ती वेगळी गोष्ट आहे, त्यात एक मास्तर आणि एक खिडकी आहे. तर मामानं मला वेल्डिंगच्या कांड्या आणायला हार्डवेअरवाल्याकडे पाठवलं. हार्डवेअरवाला मोजून देत होता तोवर मी काउंटरच्या काचेखाली बघत होतो. मला बघायची सवय आहे. काचेखाली रंगाच्या नमुन्यांचा कागद, आणि त्याच्या खालून एका दुसऱ्या कागदाचा कोपरा बाहेर आलेला. कोपऱ्यावर शिडीच्या पायाचं चित्र.

“हे काय आहे हो?”

“ते? ते कंपनीचं काहीतरी. शिड्या परत मागवल्यात. जुनी मोडून तिचा फोटो पाठवायचा, नवी फुकट मिळते. घेऊन टाक.”

मी कागद ओढून वाचला. लिहिलं होतं की अमुक क्रमांकाच्या शिड्यांच्या खटक्याच्या ओतकामात दोष आढळला आहे, खटका अचानक तुटू शकतो, शिडी वापरणं ताबडतोब थांबवा. वर तारीख होती. आई पडली त्याच्या नऊ दिवस आधीची.

“हे आम्हाला का नाही सांगितलं?”

“अरे, मी काय घरोघर फिरू?”

“पावतीवर बाबांचा नंबर लिहिलाय तुम्ही!”

तो कांड्या मोजण्यात एकदम फार गुंग झाला. मी तिथेच मोबाईल काढून कंपनीचा अर्ज भरला. शिडीचा क्रमांक मला पाठ होता. सातवा प्रश्न होता: या शिडीमुळे कोणाला इजा झाली आहे का? मी ‘होय’ दाबलं. लगेच पुढची चार पानं उघडली. दवाखान्याचे कागद, तारखा, सहीचा फोटो, साक्षीदार. हार्डवेअरवाला दुपारचं बंद करायला शटर खाली ओढायला लागला होता, मोबाईलची बॅटरी लाल झाली होती. मी मागे गेलो आणि ‘नाही’ दाबलं. सरळ शेवटचं पान आलं. जुन्या शिडीचा फोटो नंतर चालेल, असंही होतं. पाठवलं.

मला वाटलं, काय डोकं आहे आपलं.

दोन आठवड्यांनी नवी शिडी घरी आली, कागदात गुंडाळलेली. मी ती दाखवून आईला सगळं सांगितलं. तिनं शिडीकडे बघितलंही नाही. दुकानातून आणलेला कागद मला तीनदा वाचायला लावला. ‘खटका अचानक तुटू शकतो’ या ओळीला ती मला थांबवायची.

“परत वाच.”

मी परत वाचली.

“म्हणजे मी नव्हते,” ती म्हणाली. एवढंच. आणि उठून काठीशिवाय चुलीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बागेत गेलो. मी, आई, बाबा. पुरावा म्हणून नवी शिडीपण नेली, माझीच हौस. मुकादमानं कागद वाचला. मग शिडीला चिकटलेली पावती वाचली. सावकाश वाचली आणि मग शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली.

“वापरकर्त्यास इजा: नाही.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “हे तुम्हीच लिहून दिलंय ना? मग शिडीमुळे काही झालंच नाही म्हणता तुम्ही. मी तरी वेगळं काय म्हणत होतो?”

पट्ट्यावरून संत्री पुढे चालली होती, कोणी निवडत नव्हतं. सगळे आईकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. मी मुकादमाच्या अंगावर जायला पाहिजे होतं. बाबांनी सवयीनं कॉलर धरलीसुद्धा. पण मी जागचा हललोच नाही.

शिडी खांद्यावर घेऊन आम्ही घरी आलो. दारात आई म्हणाली, “तुला वाचता येतं ना रे?”

“येतं.”

“मग?”

“घाई होती.”

“कसली?”

मी शिडी आत नेऊन भिंतीला टेकवली.

वकीलबाईंचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर आहे. जिना पांढरा, कठडा पांढरा, वकीलबाईंच्या काळ्या कोटाच्या खांद्यावरही पांढरं. खाली गिरणी चालू असली की टेबलावरचा पेन आपोआप चालत कडेला येतो. त्या बोलताबोलता तो परत मध्ये ठेवतात. बाबांनी सगळं सांगितलं. मधे मधे मी दुरुस्त केलं. अर्जाचं मात्र मी स्वतः सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्याचाच मला राग आला.

“बघा,” त्या म्हणाल्या, “तुमच्यापुढे तीन दारं आहेत. एक, ज्या कंपनीनं दोष असलेली शिडी बनवली ती. दोन, ज्या दुकानदारानं ती विकली आणि कागद येऊनही सांगितलं नाही तो. तीन, बागेचा मालक, कारण ताई कामावर असताना पडल्या. एक दार वाजवलं म्हणून दुसरं बंद होत नाही. फक्त एकाच नुकसानीची भरपाई दोन ठिकाणी मिळत नाही.”

“मालकाशी माझं भांडण नाही,” आई म्हणाली. “मुकादमाशी आहे.”

“मुकादमाशी असलेल्या भांडणाला कायदा नाही, ताई.”

“ते मी बघते.”

वकीलबाई हसल्या. “मुदत पडल्यापासून दोन वर्षं. म्हणजे वेळ आहे. नवी शिडी घेतली म्हणून तुमचा हक्क गेला नाही. ‘माझी आता काही तक्रार नाही’ अशी सही केलीत का कुठे?”

“नाही,” मी म्हटलं. “तेवढंच राहिलं होतं करायचं.”

“पण तो ‘नाही’ त्रास देणार. कंपनी सगळ्यात आधी तोच पुढे करेल. आणि दुसरं म्हणेल, खटका दोषानं नाही, वापरानं तुटला. म्हणून खरी शिडी लागेल. जशी तुटली तशी. कुठे आहे? मोडून फोटो तर नाही ना पाठवला?”

“नाही, शिडी आहे,” बाबा खूश होऊन म्हणाले. मामानं एवढं काम केलेली शिडी मोडायची कोणाची छाती नव्हती. तिच्यावर अंगणात घेवड्याचा वेल चढवला होता.

“आणि तुटका खटका?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पेन चालत कडेला आला आणि खाली पडला.

“चांगली आहे तुमची तऱ्हा! मोडकं नीट केलं तर मी गुन्हेगार?” मामा ओरडला. दुकानाच्या मागे भंगाराचे दोन पिंप आहेत, छातीएवढे. त्यांच्यामध्ये तो हात पसरून उभा होता, जणू आम्ही त्याची पोरं पळवायला आलोय. “बहीण पडली, मी शिडी नीट केली. आता कोणी वकील म्हणते की का केलीस!”

“मामा, कोणी तुला काही म्हणत नाहीये. खटका कुठल्या पिंपात टाकलास ते सांग.”

“मला काय माहीत? चार महिने झाले! ॲल्युमिनियम... डावीकडच्या. की उजवीकडच्या? भंगारवाला उद्या येणार आहे दोन्ही न्यायला.”

“मग आजच बघू,” आई म्हणाली. ती मागून काठी टेकत आली होती. “गोणपाट अंथर.”

शुक्रवारची दुपार होती. आम्ही गोणपाट अंथरलं आणि पिंप आडवं केलं. गंजलेल्या सळ्यांचे तुकडे, कापलेल्या नळ्यांच्या चकत्या, कोणाच्या तरी गेटचा अर्धा मोर, पन्नास कुलपं, एकाचीही किल्ली नाही. आई उलट्या पेटीवर बसली, दुखरा पाय समोर लांब केला आणि निवडायला लागली. तेव्हा मला कळलं की शेडमध्ये बसून तिचा हात काय झालाय. आम्ही तिघं एक वस्तू उचलून बघायचो तोवर तिनं दहा बाजूला केलेल्या असायच्या. उजवीकडे लोखंड, डावीकडे पितळ, मधे ॲल्युमिनियम. बघून नाही, हातात घेऊन. वजनानं.

“ही तर पाच मिनिटांत माझं दुकान चालवेल,” मामा पुटपुटला. त्याचा राग उतरत चालला होता. बाबांनी चहा केला. बोटं काळी, कप काळे. मामा प्रत्येक तुकडा उचलून त्याची जन्मकथा सांगायला लागला. हा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा, हा त्या डॉक्टरच्या फाटकाचा. “अरे, हा इथे होता होय!” म्हणून त्यानं चार तुकडे खिशातही घातले.

पहिल्या पिंपात नव्हता. दुसरं अर्धं झालं तेव्हा आई थांबली. तिच्या तळहातावर अंगठ्याएवढा तुकडा होता, काळ्या ग्रीसनं माखलेला, आणि एका कडेला हिरवं काहीतरी.

“माझा,” ती म्हणाली.

मी झडप घालून घेतला. एका वाटीत मामानं हत्यारं धुवायला रॉकेल ठेवलं होतं. छान चकचकीत करून वकीलबाईंना द्यावा म्हणून मी तो बुडवायलाच निघालो होतो, तेवढ्यात मामानं माझ्या मनगटावर असा फटका मारला की खटका परत गोणपाटावर पडला.

“थांब, गाढवा!”

तो गुडघ्यांवर बसला. खिशातून भिंग काढलं, ज्यानं तो वेल्डिंगची भेग बघतो. खटका बोटांत धरून उन्हाकडे केला. इतका वेळ केला की बाबांनी घसा खाकरला.

“ताई,” मामा म्हणाला, “रंग कधी लावला होतास?”

“आणली त्या दिवशी. चढायच्या आधी.”

“नंतर परत नाही लावलास?”

“नाही. कशाला लावेन?”

मामानं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. “बघ. तुटलेली बाजू बघ. इथून इथपर्यंत पांढरं, दाणेदार. हे त्या दिवशी तुटलं. आणि ह्या कडेपासून आत नखाएवढं?”

मी बघितलं. नखाएवढ्या भागात धातू दिसतच नव्हता. तिथे हिरवं होतं. वर नाही. आत. तुटलेल्या पोटात.

“रंग आत कसा गेला?” मी म्हटलं.

“भेग आधीपासून होती म्हणून गेला,” मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळू झाला. “दुकानातून आणली तेव्हाच खटका फुटका होता. ह्या बयेनं भांडंभर रंग ओतला, तो भेगेत उतरला आणि तिथेच वाळला. मग तिनं शिडी उघडली, खट् वाजलं, चढली. आणि उरलेला भाग एक दिवस तुटला.”

आईनं हात पुढे केला. मी खटका तिला दिला. तिनं भिंग घेतलं नाही. बोटानं ती हिरवी कड चाचपली.

“वाजलं होतं ना?” तिनं मामाला विचारलं.

“वाजलं होतं, ताई.”

मग ती मला म्हणाली, “आणि तू म्हणत होतास भिंत रंगवतेस का.”

भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याला सगळं लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम वेगवेगळं करून मिळालं. तो चक्रावला.

पुढचे पाच महिने कागदांचे. वकीलबाईंनी आधी खटका पाकिटात घालून त्यावर सह्या घेतल्या, मग कंपनीला आणि दुकानदाराला नोटीस धाडली. कंपनीचं उत्तर आलं: आपल्याच अर्जात इजा नाही असं नमूद आहे. वकीलबाईंनी तो खटका, अख्खी शिडी आणि हिरव्या रंगाचा आमचा डबा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला. शिडी काढताना घेवडा उपटावा लागला. आई त्यावर चिडली, बाकी कशावर नाही.

मग एक दिवस कंपनीचा माणूस गिरणीच्या वर आला. गळ्यात टाय, चकचकीत बूट, त्यावर लगेच पीठ बसलं. हार्डवेअरवालापण कोपऱ्यात होता, मान खाली. टायवाल्यानं माझा अर्ज टेबलावर ठेवला.

“हा तुम्ही भरला?”

“हो.”

“शिक्षण?”

“नववी. अर्धी.”

“अच्छा.” त्यानं मान हलवली, अगदी मायाळूपणे. “म्हणजे प्रश्न नीट समजला नसेल. वाचायला अवघड गेलं असेल. होतं असं.”

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं की हे दार आहे. ‘हो, समजलं नाही’ एवढं म्हटलं की त्या अर्जाचा जोर संपला. सोपं होतं. आई माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर. नऊ महिने लोक तिला सांगत होते की तुला कमी ऐकू येतं, आणि ती एकदाही ‘हो, असेल’ म्हणाली नव्हती.

“वाचता येतं मला,” मी म्हटलं. “प्रश्न कळला होता. आधी मी ‘होय’ दाबलं. पुढे चार पानं आली, मला घाई झाली, म्हणून ‘नाही’ दाबलं. खोटं लिहिलं मी. आई त्याच्या आधीच पडली होती. दवाखान्याच्या कागदावर तारीख आहे.”

खाली गिरणी थांबली होती. पेन जागच्या जागी होता. कॉलर धरायला बाबांचा हात वर आला होता, तो त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

वकीलबाईंनी प्रयोगशाळेचा अहवाल पुढे सरकवला. भेगेतला रंग आणि डब्यातला रंग एकच. भेग रंगाच्या आधीची. भेगेची जागा तीच, जी कंपनीनं स्वतःच्या कागदात दोषाची म्हणून सांगितलेली. टायवाल्यानं ते दोनदा वाचलं. मग बाहेर पिठाच्या जिन्यावर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला.

परत येऊन त्यानं आकडा सांगितला. उपचार, न केलेली तोडणी, पुढचं दुखणं, सगळं धरून. वकीलबाईंनी दुसरा आकडा सांगितला. ते दोघं असं काही वेळ करत होते. शेवटी वकीलबाईंनी आईला हळूच सांगितलं की हे बरं आहे, घ्यायला हरकत नाही.

“आणि एक चिठ्ठी पाहिजे,” आई म्हणाली.

“कसली?” टायवाला.

“बाईनं शिडी नीट उघडली होती, अशी.”

“तसं कंपनी लिहू शकत नाही, मावशी. आम्ही तिथे नव्हतो.”

“मग राहू द्या तुमचे पैसे.”

बाबांनी डोळे मिटले. हार्डवेअरवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली. टायवाला परत जिन्यावर गेला. परत आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

“असं लिहून देतो: खटका बनवतानाच भेगाळलेला होता आणि त्याच कारणानं अपघात झाला.”

आईनं वकीलबाईंना विचारलं, “म्हणजे तेच ना?”

“तेच,” वकीलबाई म्हणाल्या. “शिक्क्यासकट.”

ती चिठ्ठी मी शेडमध्ये वाचली. मोठ्यानं, मुकादमानं पावती वाचली होती त्याच जागी उभं राहून. पट्टा थांबवून. मुकादमानं ती हातात घेऊन शिक्का उजेडात बघितला.

“मी तेव्हाच म्हणालो होतो,” तो म्हणाला, “की ह्या हलक्या शिड्यांचं काही खरं नाही.”

शेडमधल्या म्हाताऱ्या इतक्या हसल्या की एकीचे दात पट्ट्यावर पडले आणि संत्र्यांबरोबर पुढे गेले. आईनं ते बरोबर वेचून काढले.

आज तोडणी सुरू. आईचा पाय अजून संध्याकाळी सुजतो आणि थंडीत स्क्रू बोलतात, पण डॉक्टरांनी चढ म्हटलंय आणि मुकादमानं तिला सातव्या ओळीचे शेंडे दिलेत. पहाटेच तिनं नवी शिडी अंगणात आडवी टाकली. मामा भिंग घेऊन आला, दोन्ही खटके उलटेसुलटे बघितले आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाला, “चांगले आहेत.” त्याला काहीतरी जोडायचं होतं.

मग आईनं रंग मागितला. डबा प्रयोगशाळेतून परत आला होता, पण नेमका मामाच्या दुकानात राहिला होता आणि गेल्या वर्षीचा ब्रश वाळून लाकूड झाला होता. “तुम्ही दोघं व्हा पुढे,” मी म्हटलं, “मी डबा घेऊन मागून येतो.” दुकानात येऊन ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातला आणि तोवर हे लिहीत बसलो. आता तो मऊ झालाय. बाबांचा फोन दोनदा येऊन गेला. आई सातव्या ओळीत उभी आहे, शिडी उघडली आहे, दोन्हीकडे खट् वाजलंय, सगळ्यांना तिनं ते ऐकवलंय, आणि हिरवा ठिपका लागल्याशिवाय ती वर चढणार नाही म्हणतेय. अख्खी ओळ खोळंबलीय. डबा माझ्याकडे आहे. मला निघायला पाहिजे.